खाडीचा तिसरा भाग

माझ्या लग्नाआधी मला तीन वेळा दाखवलं, आणि तिन्ही वेळा पाहुण्यांनी माझ्यापेक्षा टेपरेकॉर्डरकडेच जास्त पाहिलं. यात माझ्या रूपाचा दोष किती आणि त्या यंत्राचा किती, हा वाद मी आता सोडून दिला आहे. आमच्या पालघरच्या घरात बाहेरच्या खोलीत, तांदळाच्या दोन कणग्यांच्या मधोमध, एका उंच स्टुलावर ते यंत्र बसवलेलं असे. त्यावर मी स्वतः भरतकाम केलेला रुमाल होता, त्यावर दोन मोर होते. देवघरातल्या देवांना असा रुमाल नव्हता. आई म्हणायची की देव बिचारे कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, स्टेशनापलीकडच्या भातगिरणीत मॅनेजर होते. मॅनेजर हा त्यांचा शब्द. इंजिनाचा पट्टा निसटला की तो चढवायलाही तेच धावत आणि संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांपासून धोतरापर्यंत कोंड्यानं माखलेले असत. वीस-बावीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यामुळे ते ओरडूनच बोलत, आणि त्यांना उत्तर द्यायचं म्हणून आम्हीही ओरडत असू. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे की या घरात मारामारी चालली आहे, आणि आत आई फक्त विचारत असे की आणखी भात वाढू का. आई माकुणसारची. तिची जीभ तिच्या माहेरच्या विळीसारखी होती, जपून वापरावी लागे, पण ती कधी जपत नसे. "गिरणीनं यांचे कान खाल्ले," ती ताट वाढता वाढता म्हणायची, "आता टकुरं तेवढं खायचं बाकी हाय." हे वाक्य मात्र अण्णांना बरोबर ऐकू जाई आणि ते पाटावरून उठून जात. त्यामुळे कान गेल्याची गोष्ट आम्ही कुणी कधी खरी मानली नाही.

आमच्याकडे दर रविवारी जेवायला रघुमास्तर असत. मास्तर कुठल्या शाळेतले नव्हते. भजनी मंडळांच्या पेट्या ते सुरात लावून देत म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. स्टेशनजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं, एवढं. माणूस पालघरजवळच्या माहीमचा, सडपातळ, एकटा, बोटांच्या टोकांवर डाख देताना भाजल्याचे डाग. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं तेव्हा ते मीटर दुरुस्त करायला तिकडे जाऊ लागले. सकाळच्या गाडीनं बोईसर, तिथून पुढं कामगारांच्या ट्रकनं. तिथला एक गोरा साहेब आपल्या देशी परत जाताना त्याचं सामान मागे ठेवून गेला. कुणी खाट घेतली, कुणी बर्फाचं कपाट घेतलं. मास्तरांनी दोन टेपरेकॉर्डर घेतले आणि त्या दिवसापासून आमच्या घराची वाट लागली.

मास्तरांनी एक पत्र्याचा डबा बनवला होता. त्याला सहा खुंट्या होत्या. खुंटी फिरवली की त्यातून आवाज यायचा. कधी भुंग्यासारखा, कधी दूरच्या भोंग्यासारखा, कधी कशासारखाच नाही. हे आवाज ते टेपवर घेत. मग खाडीवर जाऊन होड्यांच्या बुडाला लाटा आपटतात ते घेत, तारापूरला जमिनीत लोखंडी खांब ठोकत ते घेत. मग ब्लेडनं टेप कापायची, तुकडे उलटसुलट जोडायचे, पुन्हा ऐकायचं, पुन्हा कापायचं. दोन वर्षं हा उद्योग चालला. कामावरचे हिंदी बोलणारे मजूर त्यांना भूतवाला मास्टर म्हणत. "मास्टर, आज कौन सा भूत पकडा?" असं विचारत, आणि मास्तर गंभीरपणे सांगत, "आज नाय सापडला."

त्यातून शेवटी एक टेप तयार झाली. पाऊण तासाची, चार भागांची, पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर मास्तरांच्या अक्षरात 'खाडी'. तशी दुसरी टेप जगात नव्हती. सगळे सुटे तुकडे त्यांनी पुन्हा पुन्हा वापरून झिजवले होते, आणि दुसरा टेपरेकॉर्डर एव्हाना बंद पडला होता. पहिला आमच्याकडे आला, कारण अण्णांनी ती टेप पहिल्यांदा ऐकली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं कितीतरी दिवस आई म्हणत होती की कोंडा गेला असेल.

आता माझा नातू कानात बोंडं घालून जे ऐकतो ते मी एकदा ऐकलं. मला म्हणाला, "आजी, तुला नाही कळणार, हे वेगळं आहे." ज्या मुलीनं वयाच्या अठराव्या वर्षी आठवड्यातून तीनदा 'खाडी' ऐकली आहे, तिला वेगळ्याचं काय सांगतोस, असं मनात आलं एवढंच.

अण्णांचा उत्साह हा एक आजार होता आणि तो त्यांना सोडून सगळ्यांना बाधत असे. त्यांनी चारही भागांना नावं दिली. पहिला गंभीर, त्यात खालून एक घरघर यायची आणि तिच्यावर ते खांब ठोकल्याचे दणके. दुसरा खेळकर, त्यात तापल्या तेलात ओले बोंबील सोडल्यासारखा तडतडाट. तिसरा सूक्ष्म. चौथा विराट, म्हणजे सगळं एकदम. ही नावं त्यांनी मास्तरांना विचारून दिली नव्हती. मास्तरांना कुणी विचारलं की हे काय आहे, तर ते म्हणत, "आवाज हाय." एवढ्यावर अण्णांचं समाधान होत नसे. ते म्हणत, कलावंताला स्वतःचं मोठेपण कळत नसतं, ते जाणकाराला कळतं. जाणकार कोण, ते सांगायची गरज नव्हती.

रविवारी सकाळी श्रवणाची बैठक असे. भजनी मंडळातले पाच-सहा जण, दवाखान्यातले कंपाउंडर आणि रस्त्यानं जाणारा जो कुणी हाती लागेल तो. सगळे सतरंजीवर बसत, माना हलवत. कुठं हलवायची हे अण्णांकडे बघून ठरवत. अण्णांनी "वा" म्हटलं की सहा जण "वा" म्हणत, आणि एकदा अण्णांना नुसता ठसका लागला तरी दोघांनी "वा" म्हटलं होतं. आई त्या दिवशी रवळी करायची, तांदळाच्या रव्याची, गूळ घालून, वर जायफळ. एकदा भाताची कामं निघाली म्हणून तिनं महिनाभर रवळी केली नाही, नुसता चहा आणि बिस्किटं दिली. संगीताचे एवढे भोक्ते कुठं गेले कोण जाणे. उरले फक्त कंपाउंडर, आणि ते झोपायला येत. त्यांच्या घरी सहा मुलं होती.

एकदा मास्तर कामावरच्या दुसऱ्या एका गोऱ्या साहेबाला घेऊन आले. साहेब आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसला, उरलेले सगळे साहेबाकडे बघत बसले. त्यानं पहिला भाग ऐकला, दुसरा अर्धा ऐकला, घड्याळ पाहिलं आणि उठून म्हणाला, "व्हेरी इंटरेस्टिंग." बस. अण्णांनी हे दोन शब्द पालघरभर फिरवले. गिरणीत भात घेऊन आलेल्या बायांनासुद्धा सांगितले. त्यांनी मुंबईच्या रेडिओला तीन पत्रं लिहिली, तिन्हींत हे दोन शब्द होते. उत्तरादाखल एक छापील कार्ड आलं, पत्र पोचलं म्हणून. अण्णा म्हणाले की प्रकरण वरच्या समितीपुढं गेलं आहे. पुढं मी स्वतः अशा साहेबांच्या शेजारी राहिले तेव्हा कळलं की माशाचं कालवण तोंडात जळजळलं आणि गिळवत नसलं की ते अगदी याच सुरात हेच म्हणतात.

अशा घरात माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली.

त्या वेळची रीत अशी की मुलीनं पोहे घेऊन यायचं, बसायचं, नाव विचारलं की नाव सांगायचं, मग शिवण येतं का, स्वयंपाक काय काय येतो आणि शेवटी गाणं येतं का. मला गाणं येत नव्हतं. तसं सांगून मोकळं व्हायचं, बऱ्याच मुलींना येत नसे. पण हा प्रश्न आला की अण्णा माझ्या आधी बोलत. "ती म्हणत नाही," ते ओरडून सांगत, "पण आमच्या घरात संगीत आहे." आणि उठून रुमाल काढत. पहिले पाहुणे केळव्याचे. दुसऱ्या भागातला तडतडाट सुरू झाला तसे मुलाचे काका ताडकन उठले, घरात आग लागली म्हणाले आणि त्यांनी मेन स्विच ओढला. पोह्यांची बशी उलटली, त्यांच्या पायजम्यावर चहा सांडला, आणि चार दिवसांनी निरोप आला की योग नाही. दुसरे डहाणूचे. ते पहिल्या दोन भागांत टिकले. मग तिसरा भाग लागला.

तिसऱ्या भागाबद्दल नीट सांगायला हवं. तो नऊ मिनिटांचा होता आणि त्यात एक बारीक, अतिशय बारीक आवाज होता, सुईच्या टोकाएवढा. तो हळूहळू वर चढत जाई. चढता चढता दातांत शिरे. आमच्या आळीतली सगळी कुत्री त्या वेळी रडायला लागत, कंपाउंडरसुद्धा जागे होत. डहाणूवाल्यांच्या लेकीच्या कडेवर तान्हं पोर होतं, त्यानं असा टाहो फोडला की ते निळं पडलं. मुलाच्या आईचा एक दात सोन्यानं मढवलेला होता, तिनं गाल दाबून धरला. अण्णा मात्र डोळे मिटून, हात किंचित वर धरून बसले होते, चेहऱ्यावर परम शांती. "सूक्ष्म," ते म्हणाले. बाई उठून उभ्या राहिल्या आणि आईला म्हणाल्या, "या घरात कायतरी हाय. तुमी कुणाला तरी दाखवून घ्या." डहाणूपासून वाणगावपर्यंत बातमी झाली की गिरणीवाल्यांनी पेटीत काहीतरी कोंडून ठेवलं आहे आणि ते पोरीच्या बघण्याला बाहेर काढतात.

आईनं हाय खाल्ली. तिनं मनोरच्या एका बिजवराचा विचार सुरू केला, दोन मुलांचा बाप, दुकानदार, पोट पुढं. "त्याला कायबी ऐकवा, तो नाय पळणार," ती म्हणाली. "त्याला घरात बाई पायजे." मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. तेवढ्यात वाणगावचं स्थळ आलं.

हा मुलगा मी आधी पाहिला होता. माकुणसारला मामेबहिणीच्या लग्नात तो पंगतीला आमटी वाढत होता, ती त्यानं स्वतःच्याच शर्टावर सांडली आणि अख्खं तोंड उघडून हसला. नाव मोहन. तारापूरच्या प्रकल्पावर नकाशे काढायच्या नोकरीत होता आणि तिथल्या वसाहतीत त्याला घर मिळणार होतं, स्वयंपाकघरात नळ असलेलं. मी त्या हसण्यावर भाळले की नळावर, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. आमच्याकडे विहिरीचा रहाट ओढून माझ्या हाताला घट्टे पडले होते. पण मला ते स्थळ हवं होतं, आणि इतकं हवं होतं की मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णांच्या समोर उभी राहून बोलले. म्हटलं, या वेळी टेप लावू नका. एकदाच. माझ्यासाठी.

अण्णा दुखावले. राग परवडला असता, ते दुखावले. "ज्यांना 'खाडी' सोसत नाही त्यांच्या घरी माझी मुलगी सुखात राहायची नाही," ते म्हणाले. "उलट या वेळी रघुमास्तरांनाच बोलावतो. कलावंत समोर असला म्हणजे लोकांना नीट ऐकावंसं वाटतं." आणि लगोलग निरोप द्यायला निघूनही गेले. मी कणगीला टेकून उभी राहिले. माणसाला स्वतःच्या मुलीपेक्षा एका चकतीवर गुंडाळलेली पट्टी प्यारी असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्या माणसाचा, त्या पट्टीचा आणि ती बनवणाऱ्याचा सारखाच संताप आला.

टेप मधूनमधून तुटायची. अण्णांची बोटं जाड, म्हणून ती जोडायचं काम मास्तरांनी मला शिकवलं होतं. दोन्ही टोकं तिरकी कापायची, एकमेकांना भिडवायची, पाठीमागून चिकटपट्टी लावायची, नखानं घासायची. मला ते छान जमे. पाहुणे यायच्या आदल्या दुपारी अण्णा गिरणीत आणि आई सातपाटीच्या मासळीवालीची वाट बघत नाक्यावर. मी दार लावलं. दुसरा भाग संपतो तिथं टेप थांबवली, कापली. तिसरा भाग सगळा बाहेर ओढला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून पुढच्या दारापर्यंत फेऱ्या मारत मोजला. चकतीच्या शेवटाला कोरी टेप बरीच शिल्लक होती. तिच्यातून बरोबर तेवढ्याच फेऱ्यांची कापून घेतली आणि तिसऱ्या भागाच्या जागी बसवली. चकती दिसायला होती तशीच राहिली. मनात ठरवलं होतं की आवाज आला नाही की म्हणायचं, टेप खराब झाली, खारी हवा लागली. अण्णा चडफडतील, पण पाहुणे बसलेले राहतील.

कापलेला तुकडा जमिनीवर काळ्या केसांच्या गुंतवळासारखा पडला होता. तो मी कुठंतरी लपवून ठेवू शकले असते. फडताळाच्या मागे, तांदळाच्या कणगीत, कुठंही. मी तो बंबात घातला. अण्णांना सापडेल ही भीती होती हे खरं, पण भीतीपेक्षा राग जास्त होता. दोन स्थळं गेली होती त्याचा राग, आणि रोज रोज ऐकल्याचा राग. फार घाण वास सुटला. आईनं आल्या आल्या विचारलं, काय जाळलंस, तर मी म्हटलं, विंचरताना निघालेले केस. ती म्हणाली, एवढे गळले तर वाणगाववाले टक्कल बघूनच परत जातील.

दुसऱ्या दिवशी वाणगावची मंडळी आली. मोहन, त्याची आई आणि त्याचे एक मामा, जे कुठल्याही गोष्टीला "बरोबर आहे" म्हणत. रघुमास्तर कणगीजवळ पाट घेऊन बसले, धुतलेला सदरा घालून. त्यांना कधी कुणी पाहुण्यांत बसवलं नव्हतं, त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. पोहे झाले, नाव झालं, शिवण झालं. मोहनच्या आईनं विचारलं, "गाणं म्हणतेस का गं?" आणि अण्णा उठले. माझं सगळं आयुष्य त्या वेळी त्यांच्या त्या कोंड्यानं भरलेल्या बोटांत होतं.

पहिला भाग झाला. मामा म्हणाले, बरोबर आहे. दुसरा झाला. मोहनच्या आईनं पदर सावरला पण जागेवरून हलली नाही, तिला बहुतेक डहाणूची बातमी कळली होती आणि तिनं मनाची तयारी केली होती. मग माझा जोड फिरत फिरत पुढं आला आणि आवाज बंद झाला. नुसती चकती फिरत होती, टेपची सळसळ तेवढी. मी तोंड उघडलं, खाऱ्या हवेचं सांगायला.

अण्णांनी चकतीकडे पाहिलं, किती उरली आहे ते पाहिलं, डोळे मिटले आणि हात किंचित वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर तीच ती शांती पसरली. "सूक्ष्म," ते म्हणाले.

माझं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण अण्णांनी जन्मात थट्टा केली नव्हती. ते ऐकत होते. कोऱ्या टेपवर ते त्याच भक्तीनं ऐकत होते ज्या भक्तीनं इतके दिवस ऐकत आले होते, आणि मग माझ्या ध्यानात आलं की त्यांच्या लेखी काहीच बदललेलं नव्हतं. तो बारीक आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. गिरणीनं त्यांचे कान खाल्ले होते, आई म्हणत होती तसेच, निदान त्या वरच्या सुरांपुरते. ते चकतीची जाडी बघून भाग ओळखत आणि शांततेला सूक्ष्म म्हणत. सगळं पालघर ज्या आवाजानं दात धरून पळालं, त्यात त्यांना गिरणी सुटल्यावर मिळते तशी शांतता मिळत होती. हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांना खात्री होती की तिसऱ्या भागाइतकं बारीक काम या देशात कुणी केलेलं नाही.

आणि ते एकटे असते तर एक वेळ चाललं असतं. मामांनी डोळे मिटले. "फारच बारीक," ते कुजबुजले, "पण बरोबर आहे." मोहनच्या आईनं मांडीवर हात ठेवले. दोन मिनिटांनी तिनं खोल श्वास सोडला आणि आईला म्हणाली, "हे मात्र छान आहे हो. मन कसं निवांत झालं. लोक काहीच्या बाही बोलतात." आई माझ्याकडे बघायला लागली. मोहननं चोरून माझ्याकडे पाहिलं आणि हसू दाबलं. नऊ मिनिटं आमच्या बाहेरच्या खोलीत सात माणसं काहीच ऐकत नव्हती आणि त्यांतली तीन भारावून गेली होती.

मास्तर सुरुवातीला अर्धवट उठले होते, यंत्र बिघडलं म्हणून. मग त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि खाली बसले. त्यानंतर नऊ मिनिटं ते अण्णांकडेच बघत राहिले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. चौथा भाग दणक्यात सुरू झाला, अण्णांनी डोळे उघडले, "विराट," म्हणाले, आणि मास्तरांनी मान खाली घातली.

स्थळ तिथंच पसंत झालं. साखर वाटली. मी चहाचा कप घेऊन बाहेर ओट्यावर आले, कारण मास्तर कुणाला न सांगता बाहेर जाऊन बसले होते. आत अण्णा मामांना तिसऱ्या भागाची थोरवी सांगत होते, ती स्टेशनापर्यंत ऐकू जात असेल.

"जोड बरा लावलास," मास्तर म्हणाले. "कुटं कळला नाय."

मी कप धरून उभी राहिले.

"तुकडा कुटं हाय?"

"बंबात घातला," मी म्हटलं. खोटं बोलायचं माझ्या मनात होतं, पण त्यांच्यासमोर जमलं नाही.

त्यांनी कप हातात घेतला आणि बाजूला ठेवला. "अण्णांना कवापासून नाय ऐकू येत?"

"मला आज कळलं."

"मला बी आजच." आत कुणीतरी हसलं, बहुतेक मोहन. मग मास्तरांनी विचारलं, "तुला याद हाय का, कसा व्हता?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते मलाच ठाऊक नाही, पण मला सगळा येत होता. सुरुवातीला आवाज आहे की नाही असं वाटतं, मग तो आहे हे कळतं. मग तो दोन पायऱ्या चढतो आणि एक उतरतो, असं चार वेळा. मधे मागून अगदी हळू होडीच्या बुडाचं पाणी येतं, जे कुणाला ऐकू जात नाही कारण तोवर कुत्री रडायला लागलेली असतात. मग पाणी थांबतं, आवाज एकटा राहतो, आणि शेवटी इतका वर जातो की तो संपला की आपलेच कान संपले ते कळत नाही. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. चार वेळा नाही, पाच वेळा, एवढंच त्यांनी मधे सांगितलं. मी आठवून पाहिलं. पाचच वेळा.

"म्हंजे तू ऐकत व्हतीस," ते म्हणाले.

"हो."

"मग जाळलास कशाला?"

मला रडू यायला लागलं होतं, पण ते मी येऊ दिलं नाही, आत पाहुणे होते. "मला हे लग्न हवं होतं," मी म्हटलं.

"हां," मास्तर म्हणाले. त्यांनी निवलेला चहा उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याले. कप माझ्या हातात दिला आणि चपला घालून निघून गेले.

लग्न झालं. संसार चांगला झाला, यात खोटं काही नाही. मोहन शेवटपर्यंत अख्खं तोंड उघडून हसायचा आणि वसाहतीतल्या नळाला पाणी असायचं. मास्तरांनी पुन्हा कधी टेप केली नाही. डबा मोडला आणि त्यातलं चांगलं सामान गिऱ्हाइकांच्या दुरुस्तीला वापरून टाकलं. माझ्या लग्नाच्या वर्षी पालघरमधले रेडिओ कधी नव्हे इतके चांगले वाजत होते.